कोहोची तीन वर्षं

कोहो हा सॅमन माशाचा एक प्रकार, आणि त्याचा हिशेब तीन वर्षांचा असतो. 2024 च्या डिसेंबरात मादीने खडीत घातलेली अंडी 2025 च्या वसंतात फुटतात. पिल्लं वर्षभर त्याच ओढ्यात वाढतात, 2026 च्या एप्रिल-मेमध्ये समुद्रात उतरतात, आणि 2027 च्या हिवाळ्यात पाऊस पडून ओढ्याला पाणी आलं की जिथे जन्मली तिथेच परत येतात. अंडी घालून झाली की मरतात. माद्या जवळजवळ सगळ्या तीन वर्षांच्याच असतात, त्यामुळे एका ओढ्यात खरं तर तीन स्वतंत्र घराणी नांदतात आणि आळीपाळीने हजेरी लावतात. एखाद्या हिवाळ्यातली वीण पुराने उखडली गेली, तर त्याचा फटका तीन वर्षांनी दिसतो, आणि त्यानंतर पुन्हा तीन वर्षांनी. दोन वर्षांतच परतणारे काही छोटे नर असतात, त्यांना इथे जॅक म्हणतात. या घराण्यांमधली सोयरीक काय ती तेवढीच.

हे सगळं मी शिकले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीतल्या लागुनितास ओढ्यावर. माउंट टॅमलपायसच्या उतारावर उगम पावणारा हा ओढा रेडवुडच्या झाडीतून, सॅम्युअल टेलर उद्यानातून वाहत जाऊन टोमालेसच्या खाडीला मिळतो. ओढा म्हटलं तरी पावसाळ्यात चांगली नदी होते. पावसाळा इथे हिवाळ्यात असतो, हे अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला. जून महिन्यात डोंगर पिवळे, आणि जानेवारीत हिरवेगार. कोस्ट मिवोक लोक हजारो वर्षं या खाडीच्या काठाने राहत आले, आणि सॅमन त्यांच्या पोटाशी आणि पंचांगाशी बांधलेला होता.

मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा कोहो 1996 साली सरकारी यादीत संकटग्रस्त म्हणून आला, आणि 2005 साली त्याला त्याहून वरच्या, नामशेष होण्याच्या बेतातल्या वर्गात टाकावं लागलं. जे थोडे ओढे त्याने अजून सोडलेले नाहीत त्यांत लागुनितासचा नंबर फार वरचा. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा ट्राउट मासा, तोही इथेच असतो. तो 1997 पासून यादीत आहे. आणि इथे वर्षभर कुणी ना कुणी मासे मोजत असतं. माझं पोटापाण्याचं काम संगणकावरचं. हिवाळ्यात आठवड्यातला एक दिवस आणि उन्हाळ्यात जमेल तसे दिवस मी या मोजणीला देते. जिवंत माशाला हात लावायला सरकारी परवाना लागतो, तो मुख्य जीवशास्त्रज्ञांच्या नावे असतो, आणि आम्ही मदतनीस त्यांच्या देखरेखीखाली काम करतो.

हिवाळ्याची मोजणी दोघादोघांनी करायची. छातीपर्यंत येणारे रबरी पँट-बूट, म्हणजे वेडर्स, हातात काठी, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा. हा चष्मा नसेल तर पाण्यावर आकाशच दिसतं, तळ दिसत नाही. ठरलेला टप्पा असतो, साधारण एक पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत, आणि तोच टप्पा हंगामभर पुन्हा पुन्हा चालायचा. पावसानंतर लगेच गेलं तर पाणी गढूळ, फार उशिरा गेलं तर खुणा बुजलेल्या. म्हणून सगळ्यांची नजर हवामानखात्याकडे आणि ओढ्यावरच्या पाणीमापकाच्या आकड्यांकडे. पाणी उतरतंय आणि निवळतंय, असा दिवस सापडला की निघायचं.

आपण शोधतो ते मासे, पण त्याहून जास्त शोधतो ते त्यांनी केलेले खळगे. इथे त्याला रेड म्हणतात. डोह संपून पाणी खळाळायला लागतं त्या जागी, सुपारीएवढ्या ते मुठीएवढ्या गोट्यांच्या खडीत, मादी कुशीवर होऊन शेपटी आपटते. गोटे उसळतात, वाहत्या पाण्याबरोबर थोडे खाली जाऊन पडतात, आणि वर खळगा तयार होतो. त्यात ती अंडी सोडते, शेजारी असलेला नर त्यांवर आपलं सोडतो, मग ती थोडं वर सरकून पुन्हा शेपटी आपटते, म्हणजे नव्या खळग्यातली खडी आधीच्या अंड्यांवर पसरते. एका कोहो मादीच्या पोटात दोन-तीन हजारांच्या आसपास अंडी असतात. काठावरून पाहिलं तर ओढ्याचा तळ शेवाळाने तपकिरी असतो आणि मध्येच धुतल्यासारखा लख्ख पट्टा दिसतो. वरच्या बाजूला खोलगट, खालच्या बाजूला उंचवटा. तो रेड.

नवख्याला सगळीकडे रेड दिसतात. पाण्याच्या धारेने घासलेली खडी, हरणांनी तुडवलेली जागा, गेल्या वर्षीच्या पुराने ढकललेले गोटे, सगळं सारखंच वाटतं. माझ्याबरोबर बरेचदा एक निवृत्त शिक्षक असतात. ते अशा वेळी काही बोलत नाहीत, नुसते उभे राहतात. मग आपणच बघायला लागतो: उंचवट्याचा उतार कुठल्या दिशेला आहे? मोठे गोटे खळग्यात मागे राहिलेत का, जे मादीला हलले नसतील? खात्री झाली की लांबी-रुंदी-खोली मोजायची, जागेची नोंद घ्यायची, आणि काठावरच्या आल्डरच्या फांदीला रंगीत फीत बांधायची. फितीवर तारीख, रेडचा क्रमांक आणि माशाची जात. जात कळली नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. जानेवारीत हे वारंवार होतं, कारण कोहोचा हंगाम संपत असतो आणि स्टीलहेडचा सुरू होत असतो, आणि खळग्यावर मालकीण हजर नसेल तर तो कुणाचा हे सांगणं अवघड. पुढच्या वेळी येणारी जोडी ती फीत पाहते आणि तोच रेड दुसऱ्यांदा मोजत नाही.

मेलेला मासाही मोजायचा असतो. मला वाटतं या कामाचा गाभा तिथे आहे. एकदा मुळांच्या जाळीत अडकलेली कोहो मादी मिळाली. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मापली, साठ सेंटिमीटरच्या थोडी वर भरली. अंगावरची लाली विटून गेलेली, पाठीवर बुरशीचे पांढरे डाग. शेपटीची खालची कड पार झिजून आतले काटे उघडे पडलेले, खडी उपसून उपसून. तोंड उघडून हिरडी पाहिली: दातांच्या बुडाशी फिकी. चिनूक सॅमनची काळी असते, कोहोची फिकी, आणि या ओढ्यात अधूनमधून चिनूकही येतात म्हणून हे पाहावं लागतं. मग पोट उघडलं. गाभोळीची पिशवी रिकामी होती, कडेला चार-पाच नारिंगी अंडी चिकटून राहिलेली. म्हणजे तिचं काम पुरं झालं होतं. रकान्यात तसं लिहिलं, ऊतीचा छोटा तुकडा बाटलीत घेतला, शेपटी कापली, म्हणजे पुढच्या जोडीने ती पुन्हा मोजू नये, आणि जिथे होती तिथेच तिला परत ठेवलं. उचलून न्यायचं नाही हा नियम आहे. समुद्रात दीड वर्ष खाऊन अंगावर चढवलेलं सगळं तिने या डोंगरात आणून सोडलेलं असतं. रॅकून, पाणमांजर, कीटक आणि शेवटी काठची झाडं त्यावर जगतात. ते कीटक पुढे तिच्याच पिल्लांच्या पोटात जातात.

पाहिलेल्या प्रत्येक टप्प्याला आकडा लागतो, आणि कित्येकदा तो शून्य असतो. शून्य आणि कोरी जागा यांत इथे फार फरक करतात. कोरी जागा म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य म्हणजे दोन माणसं थंड पाण्यात चालली, पाण्यात किती खोलवर दिसत होतं तेही त्यांनी नोंदलं, आणि मासा नव्हता. कोरड्या वर्षी, पाऊस उशिरा आला की, डिसेंबरात ओळीने शून्य लिहिली जातात. मन खट्टू होतं. पण तीन वर्षांनी त्या घराण्याचे मासे का आले नाहीत किंवा कमी का आले, हे विचारायची वेळ येते तेव्हा तीच शून्यं उपयोगी पडतात.

वसंतात काम बदलतं. समुद्राकडे निघालेल्या पिल्लांसाठी ओढ्यात सापळा लावतात आणि तो रोज, न चुकता, रिकामा करतात. पिल्लाच्या अंगावरचे उभे गडद पट्टे आता फिके पडून अंग चंदेरी झालेलं असतं. खाऱ्या पाण्यात जगण्यासाठी त्याचं शरीर आतूनही बदलत असतं. या अवस्थेला स्मोल्ट म्हणतात. गुंगीच्या पाण्यात घालून त्याची लांबी-वजन घ्यायचं, काहींच्या पोटात 12 मिलिमीटरची चिप घालायची, शुद्धीवर आलं की सोडून द्यायचं. चिपला बॅटरी नसते. ओढ्यात बसवलेल्या अँटेनावरून मासा गेला की ती आपला क्रमांक सांगते. नोव्हेंबरच्या एखाद्या रात्री, आपण घरी झोपलेलो असताना, दीड वर्षापूर्वी हातातून सोडलेला क्रमांक समुद्रातून परत आल्याची नोंद होते. अशी नोंद पाहिली त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही.

स्टीलहेडचं मात्र वेगळंच. तो आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. एकाच मादीची काही पिल्लं जन्मभर ओढ्यात राहतात आणि ट्राउट म्हणवतात, काही समुद्रात जाऊन दांडगी होऊन येतात आणि स्टीलहेड म्हणवतात. समुद्रात जाण्याआधी कुणी एक वर्ष ओढ्यात काढतं, कुणी दोन, कुणी तीन. अंडी घातल्यावर मरतीलच असं नाही; काही पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. कोहोला वेळापत्रक आहे, स्टीलहेडला पर्याय आहेत. एका वाईट वर्षाने स्टीलहेडचं सगळं जात नाही. माझा जीव कोहोत जास्त गुंतला आहे याचं कारण हेच असावं: त्याच्याकडे दुसरा रस्ता नाही.

उन्हाळ्यात ओढ्याची खरी परीक्षा. मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतो. डोहांतलं पाणी कमी होतं, तापतं. तेव्हा ठरलेल्या जागी वर-खाली जाळी लावून, पाठीवरच्या यंत्राने पाण्यात हलका विजेचा प्रवाह सोडून, पिल्लं क्षणभर गुंगवून मोजतात. एकाच तुकड्यात तीनदा. दर वेळी किती कमी सापडले यावरून एकूण किती असतील याचा अंदाज बांधता येतो. पाणी 18 अंशांच्या वर गेलं तर हे काम करायचं नाही, माशांना सोसत नाही. म्हणून भल्या सकाळी थर्मामीटर बुडवून सुरुवात होते. संध्याकाळी वेडर्स घासायचे आणि कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे एका ओढ्यातल्या परदेशी गोगलगाई दुसऱ्या ओढ्यात जायला नकोत. घरच्या फ्रीझरमध्ये मटार आणि वेडर्स शेजारी पाहून पाहुणे काय ते विचारतातच.

‘पण मोजून काय होतं?’ हा प्रश्न माझ्या घरच्यांनीही विचारला आहे, प्रेमाने. त्याचं उत्तर ओढ्यातच आहे. लागुनितासच्या मुख्य प्रवाहावर एकाच्या वर एक अशी चार धरणं आहेत. त्यांतलं सर्वांत खालचं पीटर्स धरण 1954 साली झालं, त्यामागे केंट तलाव तयार झाला, आणि माशांची वरची वाट कायमची बंद झाली. निकासिओच्या उपओढ्यावर आणखी एक. पूर्वी सॅमनला मोकळा असलेला साधारण निम्मा पाणलोट आज धरणांच्या मागे आहे. धरणांनी काउंटीला पाणी दिलं, हे खरंच. मीही तेच पाणी पिते. पण धरणाखाली उन्हाळ्यात किती पाणी सोडायचं? यावर वर्षानुवर्षं वाद चालला, माशांच्या पाहणीचे अहवाल सुनावण्यांत मांडले गेले, आणि 1995 साली राज्याच्या जलमंडळाने आदेश काढला: माशांसाठी ओढ्यात किमान इतकं पाणी सोडलंच पाहिजे. आज ऑगस्टात पीटर्स धरणाखाली ओढा वाहता असतो तो त्या आदेशामुळे. मासे मोजलेलेच नसते तर कुणाच्या नावाने पाणी मागायचं होतं?

2020 आणि 2021 च्या दुष्काळात तलाव इतके आटले, की शेजारच्या काउंटीतून पुलावरून पाइप टाकून पाणी आणायचा बेत चालला होता. अशा वर्षी माशांचं पाणी आणि माणसांचं पाणी एकाच भांड्यातून वाटून घ्यावं लागतं. मग 2021 च्या ऑक्टोबरच्या 24 तारखेला असा पाऊस कोसळला की सॅन फ्रान्सिस्कोत एका दिवसात 100 मिलिमीटरच्या वर नोंद झाली. कोहो लवकर चढले, आणि एरवी दारं बंद असलेल्या छोट्या पऱ्यांतही शिरले. सॅन जेरोनिमोच्या खोऱ्यात हे पऱ्ये लोकांच्या परसातून जातात. तिथली माणसं छत्री घेऊन आपल्याच कुंपणाशी उभी राहून मासे पाहत होती.

मोजणीने चुकीच्या समजुतीही दुरुस्त केल्या. एके काळी कॅलिफोर्नियात ओढ्यात पडलेली झाडं सरकारी खर्चाने बाहेर काढत. माशांची वाट अडते, असं तेव्हा मानत. पुढे पिल्लं मोजली तेव्हा ती सापडली बरोबर त्या पडक्या ओंडक्यांच्या आडोशाला. पुराच्या पाण्यात कोहोच्या पिल्लाला टेकायला जागा लागते, नाहीतर ते वाहून जातं. आता लाखो डॉलर खर्चून तेच ओंडके ओढ्यात परत ठेवतात, आणि टोकालोमा आणि ज्युएल या जुन्या वस्त्यांच्या जागी भराव काढून पुराला पसरायला मैदान मोकळं केलं आहे. मी त्या जागेवरून हिवाळ्यात चालले आहे. मुख्य धारेत पाणी गर्जत असतं, आणि बाजूच्या शांत वळणात बोटाएवढी पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी टिकून असतात.

नवी काळजी रस्त्याची आहे. सर फ्रान्सिस ड्रेक मार्ग ओढ्याला लागून मैलोन् मैल जातो. 2020 च्या डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवलं, की गाड्यांच्या टायरात रबर टिकावं म्हणून घालतात त्या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जे तयार होतं, ते कोहोला काही तासांत मारतं. तिकडे शहरांतल्या ओढ्यांत अंडी घालण्याआधीच मेलेल्या माद्या वर्षानुवर्षं सापडत होत्या. पोट उघडून ‘अंडी तशीच आहेत’ असं कुणीतरी रकान्यात लिहीत राहिलं, म्हणून शोध लागला. तेव्हापासून मेलेल्या मादीचं पोट तपासताना माझा हात जरा जपून चालतो. आणि शनिवारी गाडी त्याच रस्त्याने नेताना मनात येतंच.

माझं आजोळ महाडकडचं. पहिला पाऊस पडला, शेतं भरली, की चढणीचे मासे यायचे. नदीतून वहाळात, वहाळातून शेताच्या बांधापर्यंत, अंडी घालायला. रात्री कंदील घेऊन माणसं जायची आणि गाभोळीने भरलेले मासे घेऊन यायची. त्या कालवणाची चव मी विसरलेले नाही. पण अंड्यांनी भरलेली मादी वाटेतच धरली तर पुढच्या वर्षी चढायला कोण येणार, हे आता मला गप्प बसू देत नाही. त्याच मुलखात काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथल्या महाशीरांना कुणी हात लावत नाही. येणारा माणूस कुरमुरे टाकतो, आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. श्रद्धेने एक डोह राखला, तो आजवर राहिला आहे. पण डोहातून मासा पावसात बाहेर पडतो, वर चढतो, आणि तिथे त्याला राखायला देवी नसते. काळ नदीच्या एखाद्या पुलावर, पहिल्या पावसात, दर वर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने कुणी मोजायला उभं राहावं असं मला फार वाटतं. गावातल्या शाळेची मुलंसुद्धा ते करू शकतील. वही, पेन्सिल, पाण्याची उंची, तारीख, आणि दिसलं नाही तर शून्य.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपरिसरातली मराठी मंडळी विचारतात, आम्हाला पाहायला मिळतील का? मिळतील. पीटर्स धरणाखाली, शॅफ्टर पुलाजवळ लिओ क्रोनिन यांच्या नावाची जागा आहे, मासे पाहण्यासाठीच ठेवलेली. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जा. पाऊस पडून दोन-तीन दिवस झालेले असावेत आणि पाणी निवळलेलं. पोलराइज्ड गॉगल असेल तर न्या. पाण्यात उतरू नका, कुत्र्याला आणि मुलांना उतरू देऊ नका, कारण पायाखालच्या खडीत अंडी असू शकतात. काठापासून दोन पावलं मागे उभे राहा, लख्ख खडीचा पट्टा शोधा आणि त्याच्या वरच्या टोकाला नजर लावून दहा मिनिटं थांबा. काही दिसलं नाही तर पुढच्या रविवारी परत या. आणि फांदीला बांधलेली रंगीत फीत दिसली तर कृपा करून ती काढू नका. आमच्यापैकी कुणीतरी त्या आठवड्यात तिथे परत येणार असतं.